मीटरमामांची शनिवारची फेरी

मीटरमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची आई. आणि ती जाऊनही आता बरीच वर्षे झाली. बाकी सगळ्यांचे ते मीटरमामा. वीज कंपनीत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली आणि ती सगळी एकाच कामात गेली: दारोदार जायचे, मीटरवरचा आकडा वाचायचा, वहीत टिपायचा आणि पुढच्या दाराशी जायचे. ते आमच्या शेजारी राहतात. मधली भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्या निवृत्तीचे पहिले वर्ष मी जवळजवळ त्यांच्याबरोबरच काढले असे म्हणायला हरकत नाही.

ते वर्ष मामींना फार जड गेले. मामा दिवसातून तीनदा स्वतःच्याच घराचा मीटर वाचत.

“अगं, दुपारी इस्त्री केलीस का? साधारण पाऊण तास?”

“केली. द्या पकडून मला.”

“पकडून कशाला? मी आपलं सहज विचारलं.”

“सहज विचारायला घरात दुसरं काही नाही का? मला विचारा, कशी आहेस म्हणून!”

शेवटी त्यांच्या लेकीनेच मार्ग काढला. ती शहराच्या ग्रंथालयात काम करते. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये हाताने वस्तू घडवणाऱ्यांची लहान लहान दुकाने आहेत. दर शनिवारी सकाळी लोकांना तिथे पायी फिरवून आणावे, असे ग्रंथालयाने ठरवले होते. माहीतगार माणूस मात्र मिळत नव्हता.

“बाबा, त्या भागातलं दार न् दार तुम्हाला ठाऊक आहे,” लेक म्हणाली.

“दार नाही गं,” मामी आतून म्हणाल्या, “दारामागची पेटी ठाऊक आहे.”

पहिल्या फेरीला मीही गेले होते. आम्ही नऊ जण होतो. मामा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात विजेरी ठेवून आले आणि आम्हाला घेऊन थेट पहिल्या दुकानाच्या मागच्या बोळात शिरले. पुढच्या बाजूला सुंदर काचेची खिडकी होती, तिच्यात वस्तू मांडलेल्या होत्या, हे आम्हाला परत जाताना कळले. मामांच्या हिशेबी दुकानाला मागूनच जायचे असते, कारण मीटर मागे असतो.

आत वह्या-पुस्तके बांधणारी बाइंडरताई बसली होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मामांना पाहताच तिने सवयीने उठून कपाट बाजूला सरकवले आणि मीटर मोकळा करून दिला. मामांनी त्यावर विजेरीचा झोत टाकला आणि नऊ जणांकडे वळून अभिमानाने सांगितले, “ह्या बाइंडरताई. महिन्याला अठ्ठावन्न युनिट. उन्हाळ्यात पंखा असतो, तेव्हा बहात्तर. फार सरळ बाई.”

कोणीतरी हसले, मग सगळेच हसले. मामांनाही बरे वाटले. पुढे टोपीवाले भाऊ होते. सत्तरी ओलांडलेले, वाफेवर टोप्यांना आकार देणारे. मामा आल्याबरोबर त्यांनी हातातली टोपी खाली ठेवली आणि मीटरखाली स्टूल आणून धरले. एकतीस वर्षे तेच केले होते, आता हात आपोआप चालत. “एकशे चाळीस,” मामा म्हणाले, “सगळी वाफेत जातात.” टोपी कशी होते ते राहूनच गेले. पण लोकांना ही तऱ्हा आवडली. चौथ्या शनिवारी बावीस माणसे आली आणि घरचा मीटर आठवडाभर कोणी वाचला नाही. मामींचा चेहरा उजळलेला मी स्वतः पाहिला.

घोटाळा झाला तो चमचेवाल्यांकडे.

चमचेवाले लाकडाचे चमचे कोरतात. माणूस अबोल, थोडा तापट. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: ‘संपूर्ण हातकाम’. त्या दिवशी घोळक्यातल्या एका बाईंनी एक चमचा हातात घेतला, त्याची गोलाई न्याहाळली आणि अगदी भारावून विचारले, “हे सगळं खरंच हातानं?”

चमचेवाले उत्तर देणार, तेवढ्यात मामा पुढे सरसावले.

“हातानं? अहो ताई, पाच वर्षांपूर्वी ह्यांचं महिन्याला चाळीस युनिट असायचं. मी निवृत्त झालो तेव्हा दोनशे दहा! पाचपट! आहात कुठे!”

इथे मामांची बाजू सांगितली पाहिजे. मामांच्या जगात युनिट वाढले म्हणजे माणसाची भरभराट झाली. ते चमचेवाल्यांचे कौतुक करत होते. पाठ थोपटायला त्यांनी हातही उचलला होता. तो तसाच हवेत राहिला, कारण सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या, पोत्याने झाकलेल्या यंत्राकडे गेली होती. त्या बाईंनी चमचा हळूच जागेवर ठेवला.

“मामा,” चमचेवाले म्हणाले, “बाहेर व्हा.”

पुढच्या शनिवारी सहा दारांपैकी चार बंद. टोपीवाल्या भाऊंनी ‘तब्येत बरी नाही’ अशी चिठ्ठी लावली होती आणि वरच्या खिडकीतून वाफ बाहेर पडत होती. बाइंडरताई संध्याकाळी माझ्याकडे आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, मामांना आमच्याबद्दल आणखी काय काय माहीत आहे हो?”

“तुझं काय असणार माहीत?”

“मी थंडीत मांजरासाठी हीटर लावते. दुकानात कोणी नसतं तेव्हासुद्धा. लोक हसतील.”

म्हणजे प्रत्येकाच्या भिंतीवर एक चहाडखोर टांगलेला होता आणि त्याची भाषा येणारा एकच माणूस शहरात मोकळा फिरत होता.

लेकीने घरी येऊन निरोप सांगितला: येत्या शनिवारी दारे उघडली नाहीत, तर ग्रंथालय ही फेरी बंद करणार. बंद दारे पाहायला लोकांना कशाला बोलवायचे, असे तिच्या वरिष्ठांचे म्हणणे, आणि ते चुकीचे नव्हते. दुसऱ्या दिवशी मामीच माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“बाई, काहीतरी करा. ह्यांना परत घरी बसवू नका. काल मी फ्रिज उघडून उभी होते, काय काढायचं ते आठवेना, तर मागून म्हणाले, किती वेळ?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? दार लावलं. आणि मग आठवलं, दही काढायचं होतं.”

मामा चमचेवाल्यांची माफी मागायला गेले होते, हे मला त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून कळले. दार उघडलेच नाही. आतून फक्त आवाज आला: “मामा, एकतीस वर्षं माझ्या दुकानात येत होतात. मी काय करतो ते एकदा तरी पाहिलंत?”

“आणि बाई,” मामा मला म्हणाले, “खरंच नाही हो पाहिलं. मीटर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. मी त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. चमचा कसा होतो ते मला शपथेवर माहीत नाही. टोपीचंही नाही. लोकांना घेऊन गेलो आणि मीटर दाखवून आलो.”

एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. शिक्षकी पेशात राहून मला एकच औषध ठाऊक आहे, तेच मी सांगितले: “माहीत नसेल तर शिकून घ्या. अजून पाच दिवस आहेत.”

मामांनी ते शब्दशः घेतले. सोमवारी सकाळी ते चमचेवाल्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसले आणि काचेतून बघू लागले. तासाभराने चमचेवाल्यांचे लक्ष गेले. त्यांनी वरचा पडदा खाली ओढला. पण तो पडदा अर्धा येऊन अडकतो, हे गल्लीला माहीत आहे. चमचेवाल्यांचे डोके दिसेनासे झाले आणि हात तेवढे दिसत राहिले. मामांना तेवढे पुरेसे होते. पाच दिवस ते सकाळी डबा घेऊन जात आणि दिवेलागणीला परत येत. सगळे वहीत टिपलेले असे. “लाकूड यंत्रावर, चार मिनिटं. मग हातात. बाकं पातं, एकशे बारा वेळा ओढलं. एक चमचा बघितला, बाजूला टाकला. का?” ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा मला एखाद्या कष्टाळू, पण मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची वही तपासल्यासारखे वाटले.

शनिवारी चौदा जण आले. लेकही आली होती, कारण काय झाले ते वरिष्ठांना तिलाच कळवायचे होते. तीन दारे बंद निघाली. बाइंडरताई दारात उभी होती, पण म्हणाली, “मी आपली अशीच उभी आहे, मामा. हवा खायला.” चौथे बंद दार चमचेवाल्यांचे. मामा ह्या वेळी मागच्या बोळात शिरले नाहीत. रस्त्यावर, बंद दारासमोर उभे राहिले, वही उघडली आणि एकतीस वर्षे ओट्यांवरून “मीटर!” ओरडण्यात कमावलेल्या आवाजात सुरुवात केली.

“इथे चमचे होतात. लाकडाचा ठोकळा आधी यंत्रावर धरतात. किती वेळ? चार मिनिटं. त्यानंतर अडीच तास तो माणूस हातानं काम करतो. मागे इथे मी लोकांना चार मिनिटांच्या विजेचं सांगितलं आणि अडीच तासांचं सांगितलं नाही. ती माझी चूक.”

आतली खडखड थांबली. लेकीने माझा हात धरला.

“मग बाकं पातं घेतात,” मामांनी पान उलटले, “आणि लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेनं ओढतात.”

आत काहीतरी धाडकन पडले. बहुधा स्टूल.

“असं शंभरेक वेळा. मग घासतात. आणि सगळ्यात शेवटी,” मामा जरा थांबले, कारण हा शोध त्यांना स्वतःला फार आवडला होता, “पडद्याखाली वाकून चमचा तोंडाला लावतात. म्हणजे चव घेतात. लाकूड कडू निघालं, तर तो चमचा बाद!”

दार असे उघडले की पाटी हलली.

“चव?” चमचेवाले उंबऱ्यावर उभे होते. केसांत, भुवयांवर भुसा. “मी चव घेतो? अहो मामा, ओठानं खडबड बघतो मी! बोटाला घट्टे पडलेत, बोटाला कळत नाही, ओठाला कळते! आणि रेषेच्या उलट? उलट ओढलं तर चिरफाळ्या निघतील! कोणी शिकवलं तुम्हाला हे?”

“तुम्हीच की,” मामा नम्रपणे म्हणाले. “पडद्याखालून.”

“पडद्याखालून अर्धंच दिसणार!”

“मग आता काय करायचं? मी लोकांना सांगून बसलो.”

चमचेवाल्यांनी चौदा जणांकडे पाहिले. चौदा माणसे आता घरोघरी जाऊन ‘हा माणूस चमचे चाखून बाद करतो’ असे सांगणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे.

“आत या,” ते म्हणाले. “सगळे आत या. मामा, तुम्ही पुढे. आणि ती वही मिटा.”

पाऊण तास आम्ही आत होतो. चमचेवाल्यांनी यंत्रावरचे पोते स्वतःच्या हाताने ओढून काढले. “हे यंत्र. चार मिनिटं. तेवढं एक ह्यांनी बरोबर सांगितलं.” मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक अर्धवट चमचा दिला आणि ओठाला लावून खडबड शोधायला सांगितले. एरवी दिवसभरात दहा वाक्ये न बोलणारा तो माणूस मास्तरासारखा बोलत होता, आणि मामा घोळक्यात, भिंतीकडे पाठ करून, ओठाला चमचा लावून उभे होते.

आम्ही बाहेर आलो तेव्हा टोपीवाले भाऊ रस्त्यात उभे. तब्येत उत्तम दिसत होती. चव घेण्याची बातमी एव्हाना गल्लीच्या टोकाला पोहोचली होती.

“मामा, माझ्याकडे येताय ना?” ते म्हणाले. “की माझ्याबद्दलही रस्त्यातच काहीतरी ठोकून द्यायचा विचार आहे?”

“तुमची चिठ्ठी होती ना भाऊ, तब्येतीची? म्हणून म्हटलं, बाहेरूनच सांगावं. टोपी उकडतात, इतपत मला माहीत आहे.”

“उकडतात! ती काय बटाटा आहे?” भाऊ दार उघडायला धावलेच. मागोमाग बाइंडरताईने हवा खाणे थांबवले आणि आत जाऊन टेबल आवरायला घेतले.

लोक टोपीवाल्यांच्या दारातून आत जात होते, तेव्हा मी मामांना बाजूला घेतले. “खरं सांगा, ते चवीचं मुद्दाम म्हणालात ना?”

मामांनी माझ्याकडे इतक्या दुखावल्या नजरेने पाहिले की मलाच ओशाळल्यासारखे झाले.

“बाई, पाच दिवस बसून बघितलं होतं मी,” ते म्हणाले. “मला खरंच तसं वाटलं होतं.”

आणि ते घाईने आत गेले, कारण भाऊंनी सुरुवात केली होती आणि मामांना पुढे उभे राहायचे होते.