ठेच्याच्या पानावरची नणंद

मी घरी करून विकते त्या पदार्थांची वेबसाइट सुनेने काढली. पण जयपुरात कुणी मराठी पदार्थ शोधले, की आधी झोटवाड्याची एक बाई दिसायची आणि आम्ही पार तळाशी. दिवाळीच्या ऑर्डरी तिच्याकडे जाणार म्हणून माझा जीव जळायचा. बोलत मात्र नव्हते.

एकदा सून म्हणाली, "आई, चूक माझीच. एकच मजकूर मी सगळ्या पदार्थांखाली चिकटवला. सर्चमध्ये सारखी पानं असली की एकच दाखवतात, बाकीची मागे टाकतात."

पाहिलं तर ठेच्याखालीही लिहिलेलं, 'तोंडात विरघळणारा, लहान मुलांचा लाडका'.

"आता प्रत्येकाचं वेगळं सांगा. मी टाइप करते."

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण सुनेची नजर फोनवर होती, म्हणून मी सुटले. पुरणपोळीला म्हटलं, हिच्यापायी आमचे हे शुगरच्या डॉक्टरशी खोटं बोलले. ठेच्याला म्हटलं, माझी दुर्गापुऱ्याची नणंद आयुष्यात एकदाच गप्प बसली, ती हा खाऊन. सुनेने हसत हसत सगळं तसंच टाकलं.

दिवाळीआधी ठेच्याचं पान झोटवाड्याच्याही वर गेलं. आणि नणंदेचा फोन आला.

"वहिनी, ती नणंद मतलब मीच ना?"

मी फोन सुनेच्या हातात द्यायला निघाले, तर नणंदच पुढे म्हणाली,

"माझ्या भिशीतल्या बायकांनी वाचलं. सगळ्यांना ठेचा हवाय, आपापल्या नणंदांसाठी. आणि मलाही एक बरणी द्या, माझ्या नणंदेला."

तिच्या बरणीत मी मिरच्या जरा सढळ हातानेच घातल्या.