घरच्या पोरीची चिठ्ठी

म्हात्रे सरांवर माझा राग हाय, तो आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं, हौसा सरांची आरती ओवाळतेय.

धरमतर खाडीकडच्या आमच्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिपाई होते. घंटा मारायची, पाणी भरायचं, फळे पुसायचे. पुंडलिक म्हात्रे सर वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. दहावीनंतर पोरांनी काय करावं, ते सांगायचं कामही त्यांच्याकडेच होतं. दुसऱ्या शाळांत भिंतीला एक तक्ता डकवला की ते काम संपायचं. सरांनी पत्र्याची पेटी करून घेतली आणि व्हरांड्यात टांगली. पुढं काय व्हायचंय ते पोरांनी चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचं. शनिवारी शाळा सुटली की सर पेटी उघडायचे आणि सोमवारी एकेका पोराला बाजूला घेऊन बसायचे.

नुसते बसायचे नाय. मिठाचा हंगाम लागला की आमची निम्मी पोरं आईबापाबरोबर मिठागरात कामाला. सर भर उन्हात बांधावरून चालत तिथं जायचे. जगनच्या बापाशी तीनदा भांडले, चौथ्यांदा त्याच्याच चुलीपाशी जेवले, तेव्हा कुठं जगन आयटीआयला गेला. अमीनाला नर्स व्हायचं होतं आणि आखातातला भाऊ नको म्हणत होता. सरांनी त्याला पत्रामागून पत्रं धाडली. अमीना नर्स झाली.

सरांची शकू त्याच शाळेत दहावीला होती. तिची आई लवकर वारली, सरांनीच तिला वाढवली. शाळेत तीही त्यांना 'सर'च म्हणायची. मास्तरच्या पोरीला आमच्याकडे चारचौघांपेक्षा दोन छड्या जास्तच. एका शनिवारी पेटीत तिची चिठ्ठी निघाली. वरचं अक्षर ओळखून सरांनी ती उघडलीच नाय. म्हणाले, घरच्या पोरीला वशिला नको, आधी सगळ्यांच्या संपू देत, तोवर तुझ्याकडे ठेव. माझ्याकडेच का? तर मला वाचता येत नव्हतं.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या कधी संपतात काय! दर शनिवारी पेटी भरलेलीच. शकूला मार्क चांगले पडले, सरांनी तिला सायन्सला घातलं, मग पुण्याला इंजिनिअरिंगला. एसटीत चढताना ती हमसून रडली. आम्हाला वाटलं, पोरी रडतातच.

आता ती बंगळूरला असते. तिनंच रोह्याजवळ वरसेला सरांना फ्लॅट घेऊन दिला. दुसरा मजला, दोन खोल्या, एकटा जीव. वर्षातून दोन दिवस येते. सर दुपारभर गॅलरीत बसतात. खालच्या पोरांना हाक मारून पुढं काय करणार विचारतात. पोरं 'अंकल' म्हणतात नि पळतात. मी कधीमधी पेणहून जाते तेव्हा चपला घालू लागले की सर उगाच दुसरा चहा टाकतात.

पुढं मला बाराखडीही सरांनीच शिकवली, शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात. पण ट्रंकेच्या तळाशी टाकलेली चिठ्ठी मी पार विसरले. गेल्या शिमग्याआधी पेन्शनचे कागद शोधताना ती हाताला लागली. उघडून वाचली. लोकांच्या पोरांपायी वणवण करणाऱ्या माणसाच्या घरात ही गत! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सरांचा राग आला, माझाही आला. दोन दिवस भाकर गोड लागली नाय. तिसऱ्या दिवशी एसटी धरली.

सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी चाचपली आणि मलाच वाचायला सांगितली. मी वाचली.

"सर, मला आपल्याच शाळेत शिकवायचं आहे. बाबांना एकटं टाकून कुठे जायचं नाही. तुम्ही सगळ्यांच्या वडिलांना समजावता. माझ्या बाबांना समजवाल का?"

सरांनी शकूला फोन लावायला सांगितला. त्यांना बटण दिसत नाय, म्हणून मी स्पीकर लावला. चिठ्ठी आज वाचली, एवढंच ते म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही घरी विचारलं असतंत, तर मी लिहिलीच नसती."

मग डोळ्यांत औषध घातलं का विचारलं आणि कामावर जायचंय म्हणून फोन ठेवला.

सर म्हणाले, पुन्हा वाच. मी वाचली. आणखी एकदा म्हणाले. तिसऱ्यांदा मलाच अक्षर दिसेना, पण एव्हाना पाठ झाली होती, म्हणून तशीच म्हटली.