गळ्यातली सवत

माझी सवत माझ्या गळ्यात असते.

ही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. आमच्याकडे बिजवराशी लग्न केलं की मंगळसूत्राच्या जोडीला त्याच्या पहिल्या बायकोच्या नावाचा टाक गळ्यात येतो. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. ती गेली, तरी घरातला तिचा मान गेलेला नाही, असा त्याचा अर्थ. नवी साडी आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. पुरणपोळीही आधी तिला. (ती खात नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूने.)

सुमनताई गेल्या तेव्हा त्यांची प्राजक्ता अंगणवाडीत होती. मी आल्यावर तिने नावांची सरळ वाटणी करून टाकली. मी ‘माई’ आणि टाक ‘आई’. शाळेला जाताना, शाळेतून आल्यावर, परीक्षेत कमी मार्क पडल्यावर ती धावत यायची, मला मिठी मारायची आणि कपाळ माझ्या गळ्याशी टेकवायची. कपाळ नेमकं टाकावर यायचं. त्यामुळे ही मिठी माझी की सवतीची, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न कशाला विचारा?

सवतीशी माझं मात्र चांगलं जमलं होतं. आमच्या ह्यांच्याबद्दल तक्रार करायला त्यांच्याइतकं जाणकार माणूस दुसरं कोण मिळणार? ओला टॉवेल गादीवर दिसला की मी टाक धरून म्हणायचे, “बघा, सुमनताई. तुम्ही सुटलात.” मनातलं सगळं मी त्यांनाच सांगायचे. माझी आई गेली तेव्हासुद्धा मी टाक मुठीत धरूनच रडले होते.

तर प्राजक्ताला पुण्यात नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी मी न्हायला जाताना टाक नेहमीसारखा बाथरूमच्या खुंटीला अडकवला. बाहेर ह्यांचं “रिक्षा आली, रिक्षा आली” सुरू झालं, म्हणून मी तशीच ओल्या केसांनी पळाले. तिने मिठी मारली, कपाळ टेकवलं, आणि गेली. परत येऊन बघते तर खुंटी रिकामी.

ज्या दिवशी मुलगी गेली त्याच दिवशी सवतही गेली. गंगापूर रोडवरच्या त्या तीन खोल्यांत मी, ओला टॉवेल आणि टॉवेलाचे मालक एवढेच उरलो.

टाक मोरीच्या जाळीतूनच गेला असणार, अशी माझी खात्री झाली. हे ऑफिसला गेल्यावर प्लंबर बोलावला.

“ताई, आत पडलंय काय?”

“सवत,” मी रडत म्हणाले.

त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला. मी सगळं समजावलं तेव्हा बिचाऱ्याने मोरी उघडली. केसांचा बोळा, प्राजक्ताची लहानपणीची एक टिकली आणि शांपूच्या बाटलीचं झाकण निघालं. टिकली मी ठेवून घेतली.

खरं सांगायला हवं होतं. पण सासूबाई, म्हणजे आमच्या घोटीच्या आत्याबाई, दर अविधवा नवमीला येतात आणि टाक स्वतःच्या हाताने दुधाने धुतात. सून सवाष्ण गेली, तिचा तो पितृपक्षातला दिवस. आणि प्राजक्ताला काय सांगणार होते? ‘बाळ, तुझी आई मी ड्रेनेजमध्ये सोडली’?

म्हणून दुसरा टाक करायचा ठरवला. आधी जवळच्याच एका शोरूममध्ये गेले. तिथे ऐतिहासिक दागिन्यांचा मोठा कप्पा होता.

“मॅडम, हेरिटेज पेंडंट्स सध्या खूप चालतात,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “प्रत्येकाला मीनिंग आहे. ही मासोळी समृद्धीची, हे बेलपान शांतीचं. तुम्हाला कशासाठी हवंय?”

“सवतीसाठी.”

तिने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि मखमलीवर चांदीचं वाघनख ठेवलं. “मग हे घ्या. प्रोटेक्शनचं आहे. समोरची बाई जवळ येत नाही.”

“अगं, मला ती जवळ हवीये!”

मुलीने मॅनेजरला हाक मारली. मी निघाले.

सराफ बाजारातल्या म्हाताऱ्या सोनारांना मात्र अर्ध्या वाक्यात कळलं. “करून देतो,” ते म्हणाले, “पण ताई, बाई दिसायला कशी होती?”

जुन्या टाकावरचे नाकडोळे हळदीकुंकू लावून लावून कधीच पुसले गेले होते. त्यांचे फोटो होते तो एकुलता एक लग्नाचा अल्बम घोटीच्या पावसात भिजला, त्याची पानं एकमेकांना चिकटली, ती पुन्हा सुटलीच नाहीत. जिच्याशी मी उभा संसार बोलले, तिचा चेहरा मी पाहिलेलाच नव्हता.

संध्याकाळी ह्यांना वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “सुमनताई दिसायला कशा होत्या हो?”

ह्यांचा घास हातात राहिला. आमच्या घरात हे नाव ह्यांच्यासमोर कुणी काढत नाही. घास ताटात ठेवून म्हणाले, “नाक सरळ होतं. हसली की थोडं वर व्हायचं.” मग भात न घेताच उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मला आधी राग आला. (माझ्या नाकाबद्दल हे आजवर एक शब्द बोललेले नाहीत.) मग पाठमोरे ते दिसले आणि राग कुठल्या कुठे गेला. मी भाताचं पातेलं झाकून ठेवलं.

सोनारांनी टाक झकास केला. नाक सरळ, शेंड्याला किंचित वर. एवढा झकास, की लांबूनसुद्धा नवा वाटत होता! मी काथ्या आणि राखुंडी घेऊन त्याला जुना करायला बसले. पदर झिजवला, हात झिजवले. नाकापाशी आले आणि माझा हात चालेना. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या बाईचं नाक आठवलं होतं. ते मी घासून टाकू? नाक तसंच ठेवलं.

गणपतीत प्राजक्ता आली. मिठी मारली, कपाळ टेकवलं, क्षणभर थबकली, आणि “माई, मोदक कुठेत?” म्हणत आत गेली. मी सुटकेचा श्वास टाकला.

नवमीला आत्याबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याआधी झालेलं, नजर घारीची. प्राजक्ताही रजा काढून आली, दारातच तशीच मिठी, तसंच कपाळ. आत्याबाईंनी टाक दुधात बुडवला, पुसला, हातावर तोलला.

“सुमन जाड झाली का गं?”

“दरवर्षी पुरणपोळी खातायत, आत्याबाई,” मी म्हणाले.

“हां. पन लय तरणी दिसती,” म्हणत त्यांनी टाक परत माझ्या गळ्यात घातला.

प्राजक्ता तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली. मी मागे गेले, तर ती ओट्याला टेकून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पर्समधून ऑफिसचं ओळखपत्र काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात, तिच्या फोटोच्या मागे, माझा झिजलेला, बिनचेहऱ्याचा टाक होता.

“तू न्हात होतीस तेव्हा कपडे घ्यायला आत हात घातला, माई. हाताला लागला. ऑफिसात रोज गळ्यात असते आई.”

“अगं, मागायचास ना! मी मोरी उघडली!”

“मागितला असता तर तुला वाटलं असतं, ही आईला घेऊन चालली आणि मला टाकून गेली.” ती नाक पुसत म्हणाली. “रोज फोनवर सांगणार होते. पण तू काही बोलेचना. मग गणपतीत आले तर कपाळाला नाक टोचलं.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं?”

“आईला नाक नव्हतं ना कधी.”

“तुझ्या बाबांनी सांगितलंय ते नाक. तसंच होतं म्हणे.”

ती जवळ आली. माझ्या गळ्यातला टाक हातात घेऊन नाकावरून अंगठा फिरवत राहिली. “मला आठवत नव्हतं गं,” एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने मी विचारलं. “हा खोटा आहे हे माहीत होतं, तर आज पुन्हा इथे कपाळ का टेकवलंस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला पाढे विचारले. “तुला भेटत होते ना, माई.”

मग आम्ही दोघी कांदा न चिरताच बराच वेळ रडलो. शेवटी आत्याबाई आत आल्या. त्यांना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी दोन्ही टाक शेजारी ठेवले, नव्याच्या नाकाकडे बघत डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, “आता घरात आली हाय ती. हिला बी पान वाढ. मान द्याया लागंल.”

जुना टाक प्राजक्ताबरोबर पुण्याला परत गेला. नवा माझ्या गळ्यात आहे. बायकांना एक सवत सोसवत नाही, मी दुसरी स्वतः सराफ बाजारात जाऊन घडवून आणली, आणि तिचं नाक माझ्यापेक्षा सरळ आहे. तेही चाललं असतं. पण तिला आमच्या ह्यांच्याबद्दल काडीचीही माहिती नाही, त्यामुळे मला सगळं ओल्या टॉवेलापासून पुन्हा सांगायला लागतंय.