गुडघ्याला चोळलेलं तेल

कापूर घातलेल्या तिळाच्या तेलाचा वास आला की तंजावूरचं सासर आठवतं. साठ सालचा मार्गळी महिना, थंडगार पहाट. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम घालायला उकिडवी बसले आणि जांघेतून निघालेली कळ गुडघ्यापर्यंत गेली. ओट्यावर सासरे बसलेले. त्यांच्यासमोर जांघ कशी म्हणू? गुडघा म्हणाले. नणंदेनं गुडघ्याला तेल चोळलं. सासूबाई माझी चाल न्याहाळत हसल्या, "दुखतो म्हणे गुडघा, आणि लंगडत्ये खुब्यातून! सोंग तरी धड कर गे. बैस, कोलम पुरं कर." केलं. वर्षभर गुडघ्यात तेल जिरत राहिलं आणि आत खुब्याचं हाड मरत गेलं. आज काठी टेकताना वाटतं, दुखणं नेमकं कुठे आहे ते त्या घरात एकट्या सासूबाईंनाच दिसलं होतं.