दाराजवळची पथारी

माझ्या भावजयीबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. गावात मला फाटक्या तोंडाची म्हणतात. म्हणू द्या, तोंड माझं हाय. मी कोंडाबाई. भोकरच्या अलीकडं तळ्याला लागून आमचं गाव. आनंदराज माझा पाठचा भाऊ अन् मनिषा त्याची बायको. ह्या दोघांनी लागलेल्या नोकऱ्या सोडून तळ्यावरची पडकी खोली कशी उभी केली अन् पुढं काय झालं, ते लोक आपापल्या मनानं सांगत फिरतात. कुणी म्हणतं तिचा पायगुणच तसा. बाबासाहेबांचा फोटो घरात लावून पायगुण बोलणाऱ्यांची मला शरम वाटते. आता जरा माझंही ऐका.

आनंदा एस.टी.त डायवर होता, नांदेड डेपोला. मनिषा तिथंच एका दवाखान्यात नर्स. तिचं माहेर लातूरकडं, औसा तालुक्यात. भूकंप झाला तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. घरावर माळवद होतं. माळवद म्हणजे सागाच्या तुळया, त्यावर फळ्या अन् फळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. आपल्याकडं सगळ्यांचीच घरं तशी, उन्हाळ्यात आत गार राहतात. त्या पहाटं ते माळवद खाली आलं. आई, बाप, धाकटा भाऊ, सगळे मातीखाली गेले. ही एकटी राहिली. भामाबाई नावाच्या मावशीनं तिला सांभाळलं, शिकवलं, नर्स केलं.

लग्न होऊन आली तेव्हा आमच्याही घरावर माळवदच होतं. थंडीचे दिवस. पहिल्याच मुक्कामाला बाईनं नवऱ्याची पथारी उचलून अंगणात नेऊन टाकली. माझा भाऊ सकाळी शिंका देत उठला. मी लई फणकारले. पण आबा, म्हणजे आमचे वडील, मला गप करत म्हणाले, लेकरानं नको ते बघितलंय, राहू दे.

बरं, नांदेडला त्यांची खोली स्लॅबची. तिथंही तेच. नवरा दाराजवळ, ही आत भिंतीकडं. लुंबिनी झाली तर ती तान्ही पोरगीही दाराकडं, बापाच्या कुशीत. मला काही ह्याचा मेळ लागेना. भिणारं माणूस दाराजवळ निजंल का आत? अन् दिवसा हीच बाई आमच्या माळवदाखाली बसून ढीगभर भाकरी थापायची, कोनाड्यातलं काढायची, ठेवायची, वर एकदाही बघायची न्हाई. मी एकदा तोंडावर म्हणलं, तुझी भीती लई सोयीची हाय गं बाई. ती नुसती हसली. आनंदा म्हणाला, अक्का, आपल्याला वाऱ्याची जागा मिळती, आपलं काय जातंय?

आता खोलीचं सांगते. तळं झालं तेव्हा आमचं शिवार पाण्यात गेलं, काठाचा एक तुकडा तेवढा राहिला. शेतातल्या बुडणाऱ्या घराच्या तुळया, फळ्या, दार आबांनी बैलगाडीनं वर आणलं अन् त्या तुकड्यावर एक खोली बांधली. माळवदाची माती स्वतः पायानं तुडवून घातली. पाण्याकडं तोंड करून बसायचे तिथं, खाली आपलं रान हाय म्हणायचे. आबा गेले अन् खोली ओस पडली. शेरडं बसायला लागली, भिंतीच्या चिरेतून पिंपळ उगवला.

आनंदा अन् मनिषाचा संसार म्हणजे चुकामूक. हा मुक्कामी गाडीवरून घरी यायचा तेव्हा ती दवाखान्यात. ती रातपाळी करून यायची तेव्हा हा डेपोत. कुलपाची चावी शेजारणीकडं, अन् ख्यालीखुशालीही तिच्याच तोंडून. एकाच घरात राहून नवरा-बायको सणावारी भेटायचे. पोरगी पुण्याला शिकायला गेली अन् घर एकदमच मोकळं झालं. मग एका दिवशी आनंदा माझ्याकडं येऊन म्हणाला, "अक्का, आता आम्ही दोघं एका घरात राहणार हाव."

मला वाटलं बदली झाली. कशाची बदली! त्यानं राजीनामा द्यायचं ठरवलेलं. तिनंही. रविवारी नांदेडची, भोकरची माणसं पाणी बघायला तळ्यावर येतात, त्यांना ताजा मासा तळून अन् गरम भाकरी द्यायची. आबांची खोली नीट करून तिथंच राहायचं. मी दोघांना लई शिव्या घातल्या. सरकारी स्टेरिंग सोडून तवा धरायचा, हे कुठल्या शहाण्यानं सांगितलं? दोघंही खाली मान घालून ऐकत होते अन् एकमेकांकडं बघून गालात हसत होते. तेव्हाच मला कळलं, ह्यांना सांगून उपयोग न्हाई.

अन् खोटं कशाला बोलू, त्या हिवाळ्यात मी माझ्या भावाला जेवढं हसताना बघितलं तेवढं जन्मात बघितलं न्हाई. पिंपळ उपटला, चिरा भरल्या. भुसा घालून चिखल तुडवला, तो नवरा तुडवायचा अन् बायको भिंतीला लिंपायची. आबांचं दार घासून तेल पाजलं. आनंदानं भंगारातून एस.टी.चा जुना बाक आणला, फाटक्या शिटाचा, अन् दारासमोर पाण्याकडं तोंड करून रोवला. मनिषाला खिडकीकडची बाजू, म्हणायचा. तिथं कुठली आली खिडकी? पण ती रोज त्याच बाजूला बसायची.

मासा साफ करायला तिला शांतम्मानं शिकवलं. शांतम्मा आमच्या तळ्यावरची भोईण, निम्मं तेलगू निम्मं मराठी बोलती. अंधारात लोकांच्या हाताची शीर शोधणारी आमची नर्सबाई, पण रोहूनं तिला रडवलं. खवले केसात, मासा मातीत. आनंदाच्या भाकरीची तर वेगळीच तऱ्हा, एका कडंला जाड, दुसरीकडं भोक. मी म्हणलं, गिऱ्हाईक पळून जाईल रे. तो म्हणाला, कुठं जाईल, शेवटची गाडी गेलेली असती.

सगळं झालं, माळवद तेवढं राहिलं. मनिषानं एकच मागणं मागितलं होतं, वरची माती काढा, पत्रे घाला. मला ते पटेना. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं, अन् आबांच्या हातचं काम ते. मी तसं बोलले. माझा भाऊ माझ्यावर कधी आवाज चढवायचा न्हाई, त्या दिवशी चढवला.

"अक्का, ती आजवर एक दिवस धड झोपली न्हाई. तिच्या डोक्यावर मी मातीचा कणसुद्धा ठेवणार न्हाई."

पाऊस लागायच्या आधी करायचं ठरलं. आनंदानं मनिषाला औशाला धाडलं, मावशीला घेऊन ये म्हणून. पहिलं जेवण भामामावशीच्या हातून सुरू करू, म्हणाला. खरं कारण मला सांगितलं. माती काढताना तिला खाली उभं राहायला नको, बघायलाही नको. ती येईल तेव्हा वर नुसतं आभाळ दिसलं पाहिजे.

गडी दोन दिवसांनी येणार होते. ह्याला कुठला दम? एकटाच खोरं घेऊन वर चढला. आता माळवद उतरवायचं म्हणजे माती काढली की लगेच खाली लोटायची, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. पण ती जुनी पांढरी माती. वावरात घातली तर पीक डोक्याला लागंल इतकं वाढतं. मनिषानं खोलीमागं वाफे पाडले होते, वांगी अन् मेथीचे. आनंदानं मला फोनवर सांगितलं, आबांच्या पायाखालची माती हाय, वाऱ्यावर कशाला घालवू, एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतो अन् पाटीनं सावकाश वाफ्यात नेतो. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. कुणालाच वाटलं नसतं. मातीवर जीव असणारी माणसं आम्ही.

त्या कोपऱ्यातल्या तुळईचं टोक भिंतीत होतं, अन् भिंतीतल्या भिंतीत वाळवीनं ते खाऊन टाकलेलं. बाहेरून तुळई तेल पाजल्यासारखी चकचकीत. सगळ्या माळवदाचा भार त्यानं आणून तिच्यावर ठेवला अन् वर स्वतः उभा राहिला.

मी भाकरी घेऊन तळ्याच्या बांधावरून येत होते. खोलीच्या जागी धुरळा दिसला. आवाज फार मोठा झाला न्हाई. मला वाटलं ह्यानं माती खाली लोटली, अन् मनात म्हणलं, आता कसं शहाण्यासारखं केलंस. पुढं गेले तर दाराच्या चौकटीतून माती बाहेर आलेली. मी हातानं उकरलं. शांतम्मा आली, तिचा नवरा आला, सगळ्यांनी उकरलं. पण माझा भाऊ गेला होता.

औशाला फोन मीच केला. दुसऱ्या कुणाला करू दिला न्हाई. काय बोलायचं ते ठरवून घेतलं होतं, पण तिचा आवाज ऐकला अन् ते सगळं विसरले. खोली पडली, एवढंच म्हणलं. तिनं रडणं न्हाई, ओरडणं न्हाई. एकच विचारलं.

"अक्का, ते दाराजवळ होते ना?"

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी म्हणलं, वर होता गं, माळवदावर. मग भामामावशीनं फोन घेतला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, पावणे उठले. लुंबिनी आईला पुण्याला चल म्हणून हट्ट धरून बसली. दवाखान्यातल्या बायका येऊन सांगून गेल्या, जागा हाय, परत ये. मनिषा सगळ्यांना हो हो म्हणाली अन् कुठंच गेली न्हाई. पोरीला समजावून शिकायला धाडलं. गडी लावून भिंत उभी केली, पत्रे घातले. अन् पडलेली ती सगळी माती, कणन्कण, पाटीनं वाहून वाफ्यात नेऊन घातली. मला बघवेना. मी आरडले, ज्या मातीनं त्याला खाल्लं ती तू भाजीला घालतीस? तळ्यात लोटून दे! ती पाटी खाली न ठेवता म्हणाली, त्यांनी माझ्यासाठी गोळा केली होती. अन् पुढं गेली.

आता ती एकटीच मासा तळती. रविवारी गर्दी असती. वांगी असली लागली की शांतम्मा टोपलं भरून नेती. लोक तेवढंच बघतात अन् म्हणतात, बघा, नवरा गेला तरी बाईचं बरं चाललंय. त्यांच्या जिभंला काही हाड?

श्रावणात एकदा मला तिथंच राहायला लागलं, पाऊस थांबेना. जेवणं झाली. मनिषानं चुलीवर पाणी मारलं, भांडी पालथी घातली अन् अंथरूण काढलं. माझी पथारी दाराजवळ टाकली, स्वतःची आत, भिंतीकडं. नवी सतरंजी मला, फाटकं पटकूर तिला. मी म्हणलं, मनिषा, आता तर वर पत्रे हायत. आता कशाची भीती?

ती उशीचा अभ्रा नीट करत बसली होती. वर न बघता बोलली.

"मातीची भीती मला कधीच नव्हती, अक्का. त्या दिवशी आमच्यातलं दाराजवळ कोण होतं, ठाऊक हाय? मी होते. म्हणून मी उरले. बाकीचे आत होते, सगळे मिळून गेले. पुन्हा काही पडलं तर मला उरायचं नव्हतं. म्हणून ह्यांना दाराकडं ठेवायची."

मला आनंदाचा लई राग आला. अन् लई कीव आली. एवढा संसार केलास, रोज त्या दाराजवळ निजलास, अन् बायको कशाला भिते ते तुला विचारायचं सुचलं न्हाई? तिच्या डोक्यावरची माती काढायला गेलास, अन् ज्याला ती भीत होती तेच तिच्या पदरात टाकून गेलास. पण मी तरी कुठं विचारलं? सोयीची भीती म्हणून मोकळी झाले. मला रडू फुटलं. ती मात्र रडली न्हाई. झोपा अक्का, म्हणाली, पाऊस हाय, दाराकडं जरा ओल येईल, पण तिथंच बरं.

मी उठले. दाराजवळची ती सतरंजी गुंडाळली अन् आत नेऊन तिच्या शेजारी भिंतीकडं टाकली. ती नको नको म्हणायला लागली, हात धरायला लागली. मी तिचा हात झटकला.

"सरक तिकडं," म्हणलं. "पडायचं असंल तर दोघींवर पडू दे."

तिनं आपली उशी भिंतीकडं ओढली. मग सरकली.