छिंदवाड्याहून न आलेला फोन

१९८४ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास, सौसरच्या बाजारातल्या एका संत्र्याच्या आडतीवर आमच्यासाठी फोन आला. ताईची मंगळवारची मुलाखत पुढे गेली असून ती आता शुक्रवारी होईल, असं बोलणाऱ्यानं सांगितलं. फोन खोटा होता. तो मी घेतला होता.

मुलाखत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी होती. जागा एकच, मोहगावच्या मराठी शाळेतली. माझी थोरली बहीण मास्तरकीचं ट्रेनिंग करून बसली होती. मधली दोन वर्षं तिनं रामाकोन्याला, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवलं. सवलत धरूनही एक जुलैला तिची वयाची मर्यादा संपत होती. त्याआधी तालुक्यात दुसरी जागा निघणार नव्हती.

अर्जात टेलिफोनचा रकाना होता. आमच्याकडे फोन नव्हता, मोहल्ल्यातही नव्हता. ताई रकाना रिकामा सोडत होती. बाबा तहसिलीत चपराशी होते. वीस वर्षं साहेबांच्या टेबलावरचे अर्ज त्यांनी इकडून तिकडे नेले होते.

"तिथं शेठचा नंबर टाक," ते म्हणाले. "पुढं पी.पी. लिही. फोनवाल्याचा अर्ज साहेब खाली नाही ठेवत."

पी.पी. म्हणजे नंबर दुसऱ्याचा, बोलावून देण्याच्या बोलीवर. गावात अर्ध्या लग्नपत्रिकांवर असे नंबर असायचे. बाबा आडतीवर जाऊन शेठला विचारून आले. शेठ नाही म्हणाले नाहीत. ताईनं नंबर लिहिला.

उमेदवारांची यादी छिंदवाड्याच्या ऑफिसात भिंतीवर लागली. सहा जणी होत्या. अर्जाचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, पत्ता, आणि असेल तर टेलिफोन. टेलिफोन एकीच्याच नावापुढे होता. ही यादी मी नंतर पाहिली.

शनिवारी आडतीवरचा हमाल आमच्या दारात येऊन ओरडला, "फोन आहे तुमचा! छिंदवाड्यावरून!" ताई विहिरीवर गेली होती. मी धावत गेलो. फोनवर थांबलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं हा तेव्हा अपराध होता. आडतीत संत्र्याचे ढीग निवडणं सुरू होतं. शेठ गादीवर बसले होते. रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता.

"जिला कार्यालय से बोल रहा हूँ," पलीकडचा म्हणाला. आवाज पन्नाशीतला, घाई नसलेला. त्यानं ताईचं पूर्ण नाव घेतलं, बाबांचं घेतलं, अर्जाचा क्रमांक सांगितला. "साहब दौरे पर हैं. मंगल का इंटरव्यू शुक्रवार को होगा, ग्यारह बजे. लिख लीजिए."

मी शेठच्या पुड्याच्या कागदावर लिहून घेतलं. मी 'जी सर' म्हणालो, तीन वेळा. त्याचं नाव मी विचारलं नाही.

घरी पत्र होतं. टाइप केलेलं, गोल शिक्क्याचं, मंगळवार लिहिलेलं. ताईनं ते पत्र आणि माझा कागद शेजारी ठेवले.

"लिहून तं मंगळवार आहे."

"पत्र आधीचं आहे," मी म्हणालो. "फोन आता आला."

"फोन कोनी उगाच करते का?" माय म्हणाली. "ट्रंककॉल लावून सांगितलं बिचाऱ्यानं. पोरगी फुकट हेलपाटा घेईन म्हनून."

आमच्याकडे तोवर फोन दोनदाच आला होता, दोन्ही वेळा मयताचा. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. बाबांनी पत्र पेटीत ठेवलं. मंगळवारी ताईनं घर सारवलं आणि गुरुवारी साडीला इस्त्री करून आणली.

शुक्रवारी सकाळच्या बसनं ती आणि बाबा छिंदवाड्याला गेले. मीही गेलो. ऑफिसाच्या व्हरांड्यात कोणी नव्हतं. बाबूनं पत्र हातात घेऊन पाहिलं.

"इंटरव्यू तो मंगल को हो गया, बहनजी. पाँच आई थीं. सूची ऊपर चली गई."

"फोन आया था साहब," बाबा म्हणाले.

"किसका फोन? हम किसी को फोन नहीं करते, चाचा. डाक भेजते हैं. आपके हाथ में है ना, वही."

ताईनं पत्र परत घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. परतीच्या बसमध्ये बाबा मला एवढंच म्हणाले, "तू नाव नाही विचारलं त्याचं?" हा प्रश्न त्यांनी त्या वर्षात आणखी तीनदा विचारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आडतीवर गेलो. शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मले तेवाच थोडं वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?" बाबांनी विचारलं.

"परगावचा ट्रंक असला की एक्स्चेंजवाला आधी बोलते. 'छिंदवाडा आहे, घ्या' म्हनते. याच्यात तो बोललाच नाही. सरळ मानूसच बोलला. म्हनजे फोन गावातलाच."

"मंग सांगितलं काहून नाही शेठ?"

"तुमी विचारलं नाही. दुसऱ्याच्या फोनात मी काहून तोंड घालू?"

आडतीचा हिशेब लिहिणारे दिवाणजी खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "आपल्या इथं तं रोजच असे फोन येते बावा. नागपूरचा भाव पडला, गाडी भरू नोका. कोनी म्हनते भाव चढला. सारे झूट."

शेठना असे फोन हंगामात आठवड्याला दोन-तीन यायचे. प्रतिस्पर्धी आडते करायचे, काही रिकामटेकडेही करायचे. त्यावर आडतीची पद्धत ठरलेली होती: फोन ठेवायचा, आपण होऊन नागपूरचा कॉल बुक करायचा, मिळेस्तोवर थांबायचं आणि आपल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही पेटी हलवायची नाही. ही पद्धत मी हमालांकडून पूर्वीही ऐकली होती. ती संत्र्यांसाठी होती.

"माया धंद्याचा फोन असता," शेठ म्हणाले, "तं मी पलटून लावला असता."

बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो. ताईचा नंबर त्यांच्या मेहरबानीवर होता. मेहरबानीवर भांडता येत नाही.

एक्स्चेंजमध्ये बाबांच्या ओळखीचा एक ऑपरेटर होता. त्यानं आदल्या शनिवारच्या ट्रंककॉलच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या दुपारी छिंदवाड्याहून आडतीच्या नंबरावर कॉल नव्हता, शेजारच्या पांढुर्ण्याहूनही नव्हता. गावातल्या कॉलची चिठ्ठी होत नाही.

"गावातलं कोन मागते ते मले याद राहत नाही, काका," तो म्हणाला. "दिवसभर बोर्डात दोऱ्या लावून राहिलो. आवाजही आयकत नाही आमी."

बाबांनी त्याच्याकडून टेलिफोनची यादी मागून आणली. सौसरची दोन पानं होती. ते चष्मा लावून एकेका नावावर बोट ठेवत गेले. आडते, डॉक्टर, जिनिंगवाले, ठाणं, दोन सरकारी साहेब. त्यातल्या कोणी ना कोणी तो फोन केला होता, किंवा कोणाला करू दिला होता. त्यातल्या बहुतेकांच्या दारात बाबांनी सरकारी कागद पोचवले होते. दुसरं पान संपल्यावर त्यांनी यादी परत नेऊन दिली.

मार्चमध्ये मोहगावची जागा पाचांतल्या एकीला मिळाली. कोणाला, ते मला माहीत आहे. तिचा चुलता सौसरात होता आणि त्याच्याकडे फोन होता. असाच फोन दुसऱ्या एका उमेदवाराच्या मेव्हण्याकडेही होता. यापलीकडे मला काही सिद्ध करता आलं नाही. पुढे वर्तमानपत्रात काम करताना, एका माणसाच्या तोंडच्या बातमीची फोन करून खात्री करा, हे मी नव्या मुलांना शिकवलं. ताईनं ते कधी ऐकलं नाही.

बाबांनी एप्रिलमध्ये तक्रारअर्ज दिला. अर्ज मी लिहिला. फोनची तारीख, वेळ, एक्स्चेंजमधल्या चिठ्ठ्यांची माहिती, सगळं क्रमवार. टेलिफोनच्या रकान्याचा उल्लेख मात्र बाबांनी गाळायला लावला. "तेवढं नोको टाकू. म्या सांगितलं होतं तिले."

माहिती खरी होती, तरी मी ती गाळली.

एक जुलैला ताईची मर्यादा संपली. उत्तर ऑगस्टमध्ये पोस्टानं आलं. गोल शिक्का होता, खाली सही होती. प्रकरण बंद करणारी एकच ओळ होती: उमेदवार नियत दिवशी अनुपस्थित, प्रकरण नस्तीबद्ध.