वर्दीत बोंबील घेता येत नाहीत

दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या एका म्हातारीचा मोबाइल बोईसरच्या बाजारात हरवला होता. मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्यात नवीन फौजदार होते. चार महिन्यांनी फोन सापडला, तो कारखान्यातल्या एका बिहारी कामगाराकडे. त्या बिचाऱ्यानं रस्त्यावर कुणाकडून तरी विकत घेतलेला. बोलावल्याबरोबर त्यानं मुकाट आणून दिला.

म्हातारीनं फोन उलटसुलट करून पाहिला, पदराला पुसला आणि कमरेला खोचून तडक निघून गेली. मला जरा वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आधी सुक्या बोंबलांचा वास आला, मग डोक्यावर टोपली घेऊन म्हातारी.

"घे बाय, तुला आणलंय."

"आजी, आम्हाला असं काही घेता येत नाही."

"का? वास येते?"

"नाही हो, नियम आहे."

म्हातारी बाकावर मांडी घालून बसली. "मंग माजी तक्रार लिव."

"कोणाविरुद्ध?"

"तुज्या! ही बाय माजा मान ठेवत नाय."

टेबलाशी बसलेल्या हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, कलम कुठलं लावू?"

आरडाओरडा ऐकून आमचे साहेब बाहेर आले. शुद्ध शाकाहारी माणूस. नाकाला रुमाल लावूनच त्यांनी सगळी हकीकत ऐकली. "आजी, वर्दीत असताना घेता येत नाही."

"मंग वर्दी काडून रविवारी जेवाया येव दे."

"येतील, येतील! तेवढी टोपली आधी बाहेर न्या."

साहेबांचा हुकूम, म्हणून रविवारी मी पंजाबी ड्रेस घालून दांडीला गेले. अख्खी आळी दारात. म्हातारीनं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली नि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिनंच चोर पकडला."

"आजी, तो चोर नव्हता. फसला बिचारा. त्याचे पैसेही गेले आणि फोनही."

तिचा वाढता हात थांबला. "आनि तू आता सांगतंस? बोलव त्याला. जेवंल तरी."

फोन जमा करताना त्यानं दिलेल्या खोलीमित्राच्या नंबरावर मी फोन लावला.

"मैडम, फिर से थाने?" खोलीमित्राकडून फोन घेत त्यानं विचारलं.

"थाने नहीं, खाने पे."

मी त्याला म्हातारीच्या घराचा पत्ता सांगितला. तासाभरात तो आला. हातात आधार कार्ड, सोबत जामीन राहायला खोलीमित्र. पहिला घास घेईपर्यंत दोघांचाही माझ्यावर विश्वास नव्हता. मग मात्र त्यानं तीनदा कालवण मागून घेतलं.

पुढे मला प्रशस्तिपत्रंही मिळाली. पण त्या दुपारी, म्हातारी आणि त्या कामगाराच्या मध्ये जमिनीवर बसून हात वाळेपर्यंत गप्पा मारताना, ही नोकरी धरली ते बरंच केलं असं मला पहिल्यांदा वाटलं. म्हातारी मात्र माझ्या ताटातली उरलेली भाकरी बघून कुरकुरत होती, "बघ, त्या पोराकडनं शीक. असं जेवायचं!"